सागरचित्रण

समुद्र, जहाजे, बंदरे, नाविक युद्धे व दर्यावर्दी जीवन यांना प्रमुख विषय मानणारा चित्रप्रकार. चित्रात वा शिल्पात जहाजाची आकृती येणे ही गोष्ट फार प्राचीन आहे. तथापि समुद्र हाच चित्राचा विषय होऊ शकतो, ही कल्पना सोळाव्या शतकाच्या अखेरीस व सतराव्या शतकात डच प्रजासत्ताकात प्रथम पूर्णपणे रुजली. त्यामुळे सागरचित्रण म्हटले, की प्रामुख्याने डच चित्रपरंपरेचा बोध होतो. पुढील काळातील इंग्रज सागरचित्रणही याच परंपरेतून उदयास आले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाला दुहेरी महत्त्व आहे. अजिंठा व एकसर येथे जहाजांच्या प्राचीन व मध्ययुगीन आकृती आढळतात. तर कोकण व गोवा किनाऱ्यावरील सतराव्या-अठराव्या शतकांतील घटना डच परंपरेतील चित्रांत उतरल्या आहेत. या दोहोंमध्ये एक ठळक भेद आहे. अजिंठ्याचे जहाज येथील चित्रकाराने रंगविले. मराठी आरमाराची जी चित्रे प्रसिद्ध आहेत, ती मात्र बहुतांशी प्रतिपक्षासाठी काढलेली आहेत. म्हणून सागरचित्र पाहताना जहाज कसे काढले आहे, याबरोबरच ते कोठून व कोणासाठी पाहिले आहे, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील प्राचीन नौकाचित्रण : अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका सागरगामी जहाजाचे प्रसिद्ध भित्तिचित्र आहे. त्याचा काळ सामान्यतः इ. स. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध मानतात. या जहाजाला तीन डोलकाठ्या असून त्यांवर उंच व अरुंद शिडे आहेत. दिशा राखण्यासाठी मागील बाजूस वल्ह्यांसारखी सुकाणू बसविलेली आहेत, पुढील टोकावर डोळा रंगविला आहे आणि मागील भागात कुंभ ठेवलेले दिसतात. चित्रातील कथा पूर्णावदानातील आहे. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपाऱ्याचा, व्यापारी असून पुढे तो बौद्ध भिक्षू झाला. चंदन आणण्यासाठी समुद्रपार गेलेला त्याचा भाऊ व इतर व्यापारी एका यक्षाने उठविलेल्या वादळात सापडले. त्यांनी पूर्णाचे स्मरण करताच तो आकाशमार्गे प्रकट झाला व जहाज वाचले, असे ही कथा सांगते. आणलेल्या चंदनातून बुद्धासाठी मंडप उभारण्यात आला. म्हणजे अजिंठ्याचे हे जहाज कथेपुरते तरी कोकण किनाऱ्यावरील बंदराचे आहे. सतराव्या क्रमांकाच्या लेण्यातील सिंहलावदानाच्या विस्तृत चित्रातही नौकांची दृश्ये असून त्यांत हत्ती-घोड्यांसह सैन्य नौकांतून उतरताना दाखविले आहे. [⟶ अजिंठा].

अजिंठा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. या चित्रांच्या काळी तेथे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची सत्ता होती. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. या शाखेच्या वाशीम ताम्रपटातील दानभूमी नंदिकट म्हणजे नांदेड परिसरातील आहे. सध्याचा हिंगोली जिल्हा (स्थापना १९९९) वाशीम व नांदेड या दोहोंच्या मध्ये येतो. अशा पूर्णतः भूवेष्टित प्रदेशातील राजवटीत इतके तपशीलवार जहाज रंगविले जावे, यावरून बंदरे व घाटमाथ्यावरील व्यापारी मार्ग यांचा संबंध किती निकटचा होता, हे ध्यानात येते. समुद्राचे भय व त्यातून सुटकेची आस ही केवळ किनाऱ्यावरच्या लोकांची भावना नव्हती. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या भोवती जी संकटे कोरली आहेत, त्यांत बुडत्या नौकेचाही समावेश आहे. मुंबईजवळील कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यातही हाच विषय आढळतो.

यापुढचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे मुंबईतील बोरिवलीनजीकच्या एकसर येथील वीरगळ. त्यांपैकी काहींवर वल्ह्यांच्या युद्धनौकांची रांग, नौकांची झुंज व वीराचे स्वर्गारोहण असे प्रसंग एकावर एक पट्टांत कोरले आहेत. यादव राजा महादेव व उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या संघर्षाशी, ज्यात सोमेश्वराचा समुद्रात अंत झाला, या शिल्पांचा संबंध सामान्यतः जोडला जातो. येथे नौकांचे तपशील काळजीपूर्वक दिले असले, तरी शिल्पाचा हेतू धारातीर्थी पडलेल्या वीराचे स्मरण हा आहे. अजिंठ्यात जहाज हे तारणाचे स्थान आहे, एकसरला ते वीरमरणाचे. पाणी दोन्ही ठिकाणी केवळ सूचित केलेले आहे. समुद्राची विशिष्ट वेळ, हवामान वा प्रकाश दाखविण्याचा प्रयत्न त्यांत नाही.

डच सागरचित्रणाचा उदय : समुद्राला स्वतंत्र विषयाचे स्थान लाभण्यास डच समाजाची घडण कारणीभूत ठरली. समुद्रसपाटीखालची भूमी, बांधांनी थोपविलेले पाणी, हेरिंग माशांची मासेमारी, बाल्टिक समुद्रातील धान्यव्यापार आणि १६०२ मध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी यांवर त्या देशाचे जीवन अवलंबून होते. स्पेनच्या सत्तेविरुद्धचा दीर्घ लढाही बऱ्याच अंशी समुद्रावर लढला गेला. प्रॉटेस्टंट चर्चने धार्मिक चित्रांना फारसा आश्रय न दिल्याने चित्रकार खुल्या बाजाराकडे वळले. नगरसभा, नौदल मंडळे, व्यापारी कंपन्या यांच्याबरोबर सामान्य कारागीर व दुकानदारही चित्रे विकत घेत. परिणामी एकेका विषयात विशेष प्रावीण्य मिळविण्याची प्रथा पडली व सागरचित्रकार हा वेगळा वर्ग निर्माण झाला.

हार्लेम येथील हेंड्रिक कॉर्नेलिस्झ व्ह्रूम (सु. १५६२–१६४०) हा या प्रकाराचा जनक मानला जातो. स्पॅनिश आरमाराच्या १५८८ मधील पराभवावरील भव्य चित्रजवनिकांचे आराखडे त्याने तयार केले. या जवनिका पुढे लंडनमधील हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये होत्या व १८३४ च्या आगीत नष्ट झाल्या. पूर्वेकडील दुसऱ्या डच सफरीची जहाजे १५९९ मध्ये ॲम्स्टरडॅमला परतली, त्या प्रसंगाचे त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. व्ह्रूमची जहाजे रंगीबेरंगी असून दोरखंड, ध्वज व तोफांची दारे यांचा प्रत्येक तपशील त्यांत येतो. त्याची क्षितिजरेषा उंच असल्याने समुद्र एखाद्या नकाशाप्रमाणे वरून पाहिल्यासारखा दिसतो.

यान पोर्सेलिस (सु. १५८४–१६३२) याने या दृष्टीत आमूलाग्र बदल केला. त्याने क्षितिज खाली आणले, चित्राचा मोठा भाग आकाशाला दिला आणि मोठ्या युद्धनौकांऐवजी साध्या मासेमारी होड्या रंगविल्या. करडा, तपकिरी व फिकट पिवळा अशा मोजक्या छटांत तो दमट हवा व ढगाळ प्रकाश साकार करी. चित्राचा विषय आता जहाज नसून हवामान झाला. त्याची चित्रे रेम्ब्रँटच्याही संग्रही होती. सिमॉन द व्ह्लीखर (सु. १६०१–५३) याने हीच वाट अधिक सौम्य प्रकाशाकडे नेली, तर यान व्हान द काप्पेल (१६२६–७९) याने निवांत पाण्यातील प्रतिबिंबांत या शैलीची परिणती घडविली. काप्पेलचा कौटुंबिक व्यवसाय कापडरंगाईचा होता. खुद्द रेम्ब्रँटचे ज्ञात सागरचित्र एकच, ते म्हणजे गॅलिलीच्या समुद्रावरील वादळाचे (१६३३). ते १९९० मध्ये बॉस्टन येथील गार्डनर संग्रहालयातून चोरीस गेले.

तंत्र : शांत वा खवळलेले पाणी सपाट पटावर खोल भासविणे, हा सागरचित्रकारापुढील मुख्य प्रश्न असतो, कारण रस्ता, भिंत, वृक्षांची रांग यांसारखी यथादर्शनाला मदत करणारी साधने समुद्रावर उपलब्ध नसतात. डच चित्रकारांनी तो तीन उपायांनी सोडविला. ढगांच्या सावल्या व ऊन यांचे आलटून-पालटून येणारे आडवे पट्टे त्यांनी पाण्यावर रेखिले; जहाजे वेगवेगळ्या अंतरांवर व वेगवेगळ्या कोनांत ठेवून अंतराचे माप दिले; आणि दूरच्या वस्तूंची छटा क्रमाने फिकट करीत नेली. वाऱ्याची दिशा एकच राहील, अशा बेताने शिडे, ध्वज, लाटा व ढग जुळविणे हाही कौशल्याचा भाग होता. चित्रांचे ग्राहक स्वतः दर्यावर्दी असत. ध्वज एकीकडे व शीड दुसरीकडे फुगलेले दिसले, तर चूक त्यांच्या लक्षात येणारच. या जाणकार ग्राहकवर्गामुळे अचूकता ही या कलेची परंपरा बनली.

व्हान द व्हेल्डे पितापुत्र : व्हिलेम व्हान द व्हेल्डे, थोरला (१६११–९३) व त्याचा मुलगा व्हिलेम, धाकटा (१६३३–१७०७) यांच्या कार्यात या परंपरेचा उत्कर्ष दिसतो. थोरला हा मूलतः रेखाटनकार. पांढऱ्या लेपाने तयार केलेल्या फळीवर वा कापडावर लेखणी व शाईने जहाजांची बारकाईने केलेली त्याची ‘लेखणीचित्रे’ विशेष प्रसिद्ध आहेत. तो लहान गलबतातून आरमाराबरोबर जाई आणि युद्ध चालू असताना दोन्ही बाजूंच्या हालचाली कागदावर टिपून घेई. जून १६६६ मध्ये डच व इंग्रज यांच्यात झालेल्या चार दिवसांच्या युद्धाच्या वेळी तो प्रत्यक्ष उपस्थित होता. चित्रकार हा घटनेचा साक्षीदार असू शकतो, ही भूमिका त्याने समुद्रावर सिद्ध केली. धाकट्याने पित्याच्या अचूकतेला द व्ह्लीखरकडून शिकलेल्या प्रकाशाच्या जाणिवेची जोड दिली. राइक्सम्युझियममधील तोफेची सलामी हे त्याचे चित्र या समन्वयाचा उत्तम नमुना होय. लुडॉल्फ बाकहाउझन (१६३०–१७०८) हा त्यांचा समकालीन वादळी समुद्रासाठी ख्यातनाम आहे.

१६७२ मध्ये फ्रान्स व इंग्लंड यांनी एकाच वेळी युद्ध पुकारल्याने डच चित्रबाजार कोसळला. त्या हिवाळ्यात व्हान द व्हेल्डे पितापुत्र इंग्लंडला गेले. १६७४ मध्ये दुसऱ्या चार्ल्‌सने दोघांना प्रत्येकी १०० पौंडांचे वार्षिक वेतन दिले: पित्याला सागरी युद्धांची रेखाटने करण्यासाठी, पुत्राला ती रंगविण्यासाठी. ग्रिनिच येथील क्वीन्स हाउसमध्ये त्यांची चित्रशाळा होती. काल ज्या आरमाराविरुद्ध ते डच बाजूने रेखाटने करीत, त्याच आरमाराच्या सेवेत ते आता रुजू झाले. सागरचित्रकाराची नजर कितीही अचूक असली, तरी ती आश्रयदात्याच्या गलबतावरून पाहते, याचे हे बोलके उदाहरण आहे. इंग्रज सागरचित्रणाचा आरंभ येथून होतो; टर्नरसारख्या थोर चित्रकारानेही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धाकट्या व्हान द व्हेल्डेच्या चित्राला जोड म्हणून चित्र रंगविले.

पश्चिम किनाऱ्यावरील घटनांची चित्रे : डचांनी १६३७ मध्ये विजापूर दरबाराच्या परवानगीने वेंगुर्ले येथे वखार घातली. पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रमार्गे कोंडी करणाऱ्या डच आरमाराला या ठाण्याचा मोठा आधार होता. ३० सप्टेंबर १६३९ रोजी डचांनी मुरगाव बंदरात शिरून पोर्तुगीजांची तीन गॅलिऑन जहाजे जाळली. या प्रसंगाचे चित्र हेंड्रिक व्हान आंथोनिसेन याने १६५३ मध्ये, म्हणजे घटनेनंतर चौदा वर्षांनी रंगविले. गोव्याचा किनारा डच सागरचित्रणात आला तो असा: डच विजयाची पार्श्वभूमी म्हणून. याच चित्रकाराच्या स्खेव्हेनिंगन येथील किनाऱ्याच्या चित्रात (सु. १६४१) लोक वाळूवर का जमले आहेत, हे कळत नव्हते. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात त्याची स्वच्छता करताना वरचा नंतरचा रंग निघाला आणि किनाऱ्याला लागलेला देवमासा प्रकट झाला (२०१४). चित्र हा पुरावा असला, तरी त्यावर नंतरचे हात फिरलेले असू शकतात, हे यावरून स्पष्ट होते.

डच परंपरेची इंग्रज शाखाही लवकरच या किनाऱ्याकडे वळली. ईस्ट इंडिया कंपनीने १७३१-३२ च्या सुमारास लंडनमधील आपल्या मुख्यालयासाठी ठाण्यांची सहा चित्रे करवून घेतली. त्यांत मुंबईचे एक आहे. भूभाग जॉर्ज लँबर्टने व जहाजे सॅम्युएल स्कॉटने (सु. १७०२–७२) रंगविली. स्कॉट हा धाकट्या व्हान द व्हेल्डेचा अनुयायी होता. दोघांपैकी कोणीही हिंदुस्थानात आलेले नव्हते. त्यामुळे मुंबईचा किल्ला उपलब्ध आराखड्यांवरून, तर समुद्र व जहाजे उत्तर युरोपीय संकेतांनुसार साकारली आहेत.

मराठी आरमार व त्याची चित्रे : शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर आरमाराची उभारणी सुरू केली व १६६४ मध्ये सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला. थोरला व्हान द व्हेल्डे उत्तर समुद्रात युद्धांची रेखाटने करीत होता, तो हाच काळ. पुढे कान्होजी आंग्रे (१६६९–१७२९) व त्यांचे वंशज यांच्या हाताखाली हे आरमार किनाऱ्यावरील प्रबळ सत्ता बनले. गुराब हे त्यातील प्रमुख लढाऊ जहाज. ते लांबीच्या मानाने रुंद, दोन वा तीन डोलकाठ्यांचे, पुढे निमुळते होत गेलेले असे. पुढच्या टोकावरील तोफा समोर मारा करीत. गलबत हे लहान व चपळ असून ते शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चाले. वारा पडला असता वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून नेत व शिडांवरच विसंबलेल्या मोठ्या युरोपीय जहाजाला मागून गाठत. ही रचना किनाऱ्याजवळचे उथळ पाणी व खाड्या यांना अनुरूप होती.

या आरमाराचे सर्वांत प्रसिद्ध चित्र त्याच्या अखेरच्या क्षणाचे आहे. पेशवे बाळाजी बाजीराव (नानासाहेब) व तुळाजी आंग्रे यांच्यातील वैराचा परिणाम म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला व फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल चार्ल्‌स वॉट्सनच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला चढविला. भूसेनेचे नेतृत्व रॉबर्ट क्लाइव्हकडे होते. आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ नावाच्या कंपनीच्या जहाजावर गोळा पडून आग लागली. किल्ल्याच्या आश्रयाने दाटीने नांगरलेली आंग्र्यांची सर्व जहाजे तिच्या भक्ष्यस्थानी पडली. डॉमिनिक सेरेस (मृ. १७९३) याने या घटनेचे चित्र १७७१ मध्ये रंगविले. सेरेस हा जन्माने फ्रेंच, पूर्वायुष्यात खलाशी, लंडनच्या रॉयल अकादमीचा संस्थापक-सदस्य व पुढे तिसऱ्या जॉर्जचा सागरचित्रकार होता. हे चित्र ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. व्हान द व्हेल्डे पितापुत्रांची चित्रशाळा जेथे होती, ते क्वीन्स हाउसही आता याच संस्थेचा भाग आहे. त्यांनी इंग्लंडात रुजविलेल्या चित्रभाषेतच विजयदुर्गाचा पाडाव चितारला गेला.

पुरावा म्हणून मूल्य : अशी चित्रे इतिहासाला उपयुक्त आहेत, यात शंका नाही. किल्ल्याची स्थिती, बंदरातील नांगरण्याची जागा, शिडांची मांडणी यांविषयी ती बरेच सांगतात. मात्र त्यांचा उपयोग करताना काही पथ्ये पाळावी लागतात. चित्र घटनेनंतर किती वर्षांनी झाले, चित्रकार तेथे उपस्थित होता काय, त्याच्यापुढे कोणाची रेखाटने वा वृत्तांत होते आणि चित्राचा खर्च कोणी केला, हे प्रथम तपासले पाहिजे. स्वपक्षाच्या जहाजांचे तपशील बहुधा विश्वसनीय असतात, कारण ते पाहणारे जाणकार होते. परक्या जहाजांच्या बाबतीत अशी कसोटी लागत नसे. विजयदुर्गच्या चित्रात इंग्रज युद्धनौकेचा दोरखंड चुकला असता, तर कोणी तरी हरकत घेतली असती. गुराबाची घडण चुकली असती, तर लंडनमध्ये ते सांगणारा कोण होता?

म्हणून मराठी आरमाराचे स्वरूप जाणण्यासाठी चित्रांना मोडी कागदपत्रे, युरोपीय वखारींच्या नोंदी, जलदुर्गांचे अवशेष आणि किनाऱ्यावरील परंपरागत नौकाबांधणी यांची जोड द्यावी लागते. आंग्र्यांच्या पदरी नौका बांधणारे कुशल कारागीर होते. त्या नौकांना वाऱ्यात, उन्हात व लढाईत पाहून टिपून ठेवणारा थोरल्या व्हान द व्हेल्डेसारखा चित्रकार मात्र त्यांना लाभला नाही. त्यामुळे सुमारे शंभर वर्षे किनाऱ्यावर वावरलेले हे आरमार आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे येते, ते मुख्यतः जळताना. सोपाऱ्याचे जहाज वादळातून वाचल्याचे चित्र समुद्रापासून दूर असलेल्या अजिंठ्याच्या भिंतीवर टिकून राहिले, हे लक्षात घेता ही उणीव अधिकच जाणवते.